साक्षही दिलीत, डबाही नेलात

पप्पा,

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात वडिलांसाठी स्मरणप्रार्थना ठेवलीय. तू चार शब्द बोल." मी मान हलवली खरी, पण मी बोलणार नाही. लोक काय ऐकायला येतील ते मला ठाऊक आहे. तुमच्या हातून एसटी कधी कुठं घासली नाही, तुम्ही दारूला शिवला नाहीत, मंडळीत कुणाचंही लग्न असलं तरी पंगत वाढायला पहिले तुम्ही उभे. हे सगळं खरं आहे आणि ते कुणीही सांगेल. मला जे सांगायचं आहे ते चर्चमध्ये उभं राहून सांगता येण्यासारखं नाही. ज्या माणसानं माझा हात मोडला, त्याच्यासाठी माझे वडील दर गुरुवारी जेवण घेऊन जात होते. हे वाक्य मी तिथं उच्चारलं तर अर्धी माणसं डोळे पुसतील आणि उरलेली माझ्याकडे बघत बसतील. मला दोन्ही नको. म्हणून हे तुमच्याशीच बोलते आहे.

सुहासचं स्थळ तुम्ही आणलंत. गारगोटीच्या ड्युटीवर असताना तिथल्या उपासनेला जायचात, तिथं तो गायचा. घरी येऊन तुम्ही आईला सांगितलंत, "पोरगं गातंय असं की मागं बसलेली म्हातारी माणसं गप होत्यात." मलाही तो आवडला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं कितीतरी वर्षं तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात आणि मी प्रत्येक वेळी तेच सांगत राहिले. गाणारा माणूस घरात दार लावून काय करतो हे चर्चच्या मागच्या बाकावरून कळत नसतं.

त्या सकाळचं आपण परत कधी बोललो नाही. आता बोलते.

मी गारगोटीच्या स्टँडवर उभी होते. सकाळची कोल्हापूर गाडी तुमची असते हे माहीत होतं, म्हणूनच तिथं गेले होते. डावा हात ओढणीत बांधला होता. तुम्ही गाडी फलाटाला लावलीत, समोरच्या काचेतून मला बघितलंत, आणि स्टिअरिंगवरचे तुमचे हात तसेच राहिले. मारुतीमामा तेव्हा तुमचे कंडक्टर. त्यांनी मला काही न विचारता दाराजवळच्या सीटवर बसवलं आणि शेजारी कुणाला बसू दिलं नाही. गाडी भरलेली. कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका, दुधाचे कॅन. तुम्ही खाली उतरून माझ्याजवळ याल असं मला वाटलं होतं. तुम्ही आला नाहीत. घंटी वाजली आणि तुम्ही गाडी काढलीत.

बिद्रीजवळ उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, गाडी बराच वेळ अडकली. तेव्हा तुम्ही आरशातून माझ्याकडे बघितलंत. मी तुम्हाला तसं कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी नव्हतं. बिनरस्त्याच्या घाटात गाडी घालायची असावी तसा तुमचा चेहरा होता. मग ट्रॅक्टर हलले आणि तुम्ही पुन्हा रस्त्याकडे बघायला लागलात. त्या दिवशी मला तुमचा थोडा राग आला होता. पुढं मारुतीमामांनी सांगितलं, तुम्ही स्टँडवरच त्यांना म्हणाला होतात, "मी आत्ता तिच्याजवळ गेलो तर गाडी चालवायचा न्हाय. आणि मागं एवढी माणसं बसल्यात."

कोल्हापुरात गाडी डेपोत दिलीत आणि खाकी कपड्यांतच मला घेऊन निघालात. आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं, मग घर. मी म्हणाले, आधी घरी जाऊ, आईला भेटू. तुम्ही म्हणालात, "घरी गेलं की चार माणसं येत्यात. चार माणसं आली की मिटवामिटवी सुरू होती. आधी हे." ठाण्यातल्या माणसानं तुमच्या कपड्यांकडे बघून गोडीत समजावलं, "मामा, नवराबायकोचं भांडण हाय, घरात बसून मिटवा की." तुम्ही खुर्चीवर न बसता म्हणालात, "भांडण असतं तर मिटवलं असतं साहेब. हात मोडलाय. लिहून घ्या."

आणि चार माणसं आलीच. पुढच्याच आठवड्यात योसेफकाका आणखी दोघांना घेऊन आले. स्टेशनरीच्या दुकानातून थेट आले होते, हाताला शाई तशीच. मंडळीच्या कमिटीत ते तेव्हा नवे होते. मी आतल्या खोलीत प्लॅस्टर घातलेला हात उशीवर ठेवून पडले होते आणि सगळं ऐकू येत होतं. काका म्हणाले, "आपण ख्रिस्ती माणसं. क्षमा करायला शिकवलंय आपल्याला. केस मागं घ्या, पोराला समज देऊ." तुम्ही चहाचे कप त्यांच्यापुढं सरकवलेत. मग म्हणालात, "मार तिनं खाल्लाय. क्षमा करायची का न्हाय ते ती बघंल, तुमी-आमी कोण सांगणार? माझं काम साक्ष द्यायचं हाय, ते मी देणार." योसेफकाकांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले.

तुम्ही साक्ष दिलीत. त्याच्या वकिलानं तुम्हाला उलटसुलट विचारलं, जावयावर आधीपासून राग होता का, पोरीला माहेरी ठेवून घ्यायचं होतं का. तुम्ही प्रत्येक वेळी एकच सांगत राहिलात, काय बघितलं आणि कुठं बघितलं. सुहासला शिक्षा झाली. मला घटस्फोट मिळाला. कोर्टाच्या व्हरांड्यात तो तुमच्या अंगावर ओरडला की म्हातारपणी तुला पाणी पाजायला कुणी नसेल. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरलात.

प्लॅस्टर निघाल्यावर मला स्कूटर शिकवायला मैदानावर नेलंत. मनगटात जोर नव्हता, मूठ सुटायची. तुम्ही मागून धावत ओरडायचात, "मूठ धर, पोरी, मूठ. रस्ता आपोआप येतोय." तुम्ही पन्नाशी ओलांडलेली आणि घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी शाळेत नोकरीला लागले, स्कूटरवरूनच जायला लागले, आणि पहिल्या दिवशी तुम्ही आपल्या घराजवळ, बावड्याच्या कोपऱ्यावर मी वळेपर्यंत उभे होतात. एवढं एक तुमचं माझ्याकडे राहिलं असतं तरी मला पुरलं असतं.

पुढची गोष्ट घडली ती तुम्ही निवृत्त झाल्यानंतर. रविवार होता. मी पाटावर बसून तांदूळ निवडत होते. तुम्ही आलात, माझ्यासमोर जमिनीवर बसलात. तुम्ही जमिनीवर बसलात की काहीतरी अवघड असतं हे मला कळायचं.

"सुहासचा पाय काढला," तुम्ही म्हणालात. "साखर वाढलीती. मारुतीनं सांगितलं."

मी ताट हलवत राहिले. "मग?"

"एकटाच हाय. आई गेली त्याची. भाऊ पुण्याला, तो येत न्हाय. शेजारची बाई कवातरी चहा देती."

"मग मी काय करू?"

"तू काय करू नको. मी जाऊ का, एवढंच विचारतोय. काय खायाला घेऊन. तू न्हाय म्हणालीस तर न्हाय जायाचा."

मी न्हाय म्हणाले. तुमच्याच बोलीत म्हणाले, म्हणजे तुम्हाला नीट ऐकू यावं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि उठलात. वाद घातला नाहीत, शास्त्र काढलं नाहीत, तोंड पाडून बसला नाहीत. रात्री जेवलात नेहमीसारखे. त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाहीत.

पप्पा, माझं तुमच्याशी खरं भांडण इथं आहे. तुम्ही मला विचारायला नको होतं. तुम्ही न विचारता गेला असतात आणि मला बाहेरून कळलं असतं, तर मी तुमच्यावर मनापासून चिडले असते आणि ते सोपं झालं असतं. तुम्ही विचारलंत, आणि त्या क्षणापासून सुहासच्या पोटातली भूक माझी झाली. मी शाळेत पोरांना डबा संपवा म्हणून ओरडायचे आणि मला गारगोटीतली ती खोली आठवायची, जिथं मी स्वतः चूल पेटवली होती. ज्या माणसाची आठवण मी इतक्या कष्टानं घराबाहेर काढली होती, त्याला तुम्ही एका प्रश्नानं परत आत आणून बसवलंत. हे तुम्हाला मी कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं असंही नाही, पण तुम्हाला ते कळलं होतं का, हे जाणून घ्यायला मला आवडलं असतं.

काही दिवसांनी मीच म्हणाले, "जा." दया आली म्हणून नव्हे. मला त्याला उपाशी ठेवण्याचं काम नको होतं. आणि तीन अटी घातल्या. त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. त्याचा निरोप आणायचा नाही. तिथं माझं नाव निघता कामा नये. तुम्ही तिन्ही अटी परत एकदा माझ्याकडून ऐकून घेतल्यात, रूट समजून घेतल्यासारख्या.

आई मात्र फिरली नाही. ती म्हणाली, "तुमी जावा. पण ह्या घरात त्याच्यासाठी मी काय शिजवणार न्हाय." तेव्हा तुम्ही, ज्यांनी आयुष्यात चहाच्या पुढं काही केलं नव्हतं, गुरुवारी पहाटे उठून भाकरी थापायला लागलात. पहिल्या भाकरीचे तव्यावर तुकडे झाले. दुसरी करपली. मी अंथरुणात पडून आवाज ऐकत होते, परातीवर हात आपटल्याचा, मग पुटपुटणं. आई दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्या गुरुवारी तिला राहवलं नाही. "पाणी कमी घाला," ती म्हणाली. "गरम घाला. आणि मळा जरा, असं गोंजारू नका." पण हात लावला नाही. तुम्ही तिच्या तोंडी हुकुमावर स्वयंपाक शिकलात. शेवटी शेवटी तुमचं पिठलं आईच्यापेक्षा बरं व्हायचं, आणि हे मी तिच्यासमोर बोललेलं तिला अजून आवडलेलं नाही.

सकाळच्या गाडीनं जायचात, दुपारनंतर परत. आल्यावर पाय धुवायचात, डबा घासून पालथा घालायचात. मी विचारायचे नाही, तुम्ही सांगायचा नाहीत. कधी तुमचा चेहरा उतरलेला असायचा. कधी शर्टावर आमटीचा डाग असायचा. मी तो डाग धुऊन टाकायचे.

एकदाच मी बोलले. उन्हाळा होता, आपण गच्चीवर बसलो होतो, आई पापड वाळत घालत होती. मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला तो आवडतो का?"

"कोण?" तुम्ही म्हणालात, म्हणजे अट आठवून त्याच्याबद्दल बोलायचं टाळलंत. मग म्हणालात, "न्हाय. त्याला बघितला की अजून तुझा ओढणीत बांधलेला हात दिसतोय मला."

"मग कशासाठी?"

"आवडणाऱ्या माणसाला जेवायला घाल म्हणून कुणी सांगावं लागत न्हाय, बाळ. ते आपण करतोयच. सांगितलंय ते न आवडणाऱ्याचं. त्यात ह्याला सोडून, त्याला सोडून, असं काय म्हटलेलं न्हाय. मी लई शोधलं."

तुम्ही हसलात थोडं. मी हसले नाही. मी विचारलं, "आणि मी? मी कुठं बसते त्यात? ज्यानं मारलं त्यालाही तेच आणि जिला मारलं तिलाही तेच?"

तुम्ही हातातला पापड उलटा केलात. "ते मला अजून नीट समजंना," तुम्ही म्हणालात. "साक्ष परत द्यावी लागली तर परत देईन. तुझ्या वाऱ्याला त्याला उभा करणार न्हाय. पण उपाशी हाय म्हटल्यावर मला हितं भाकरी गिळवत न्हाय. दोन्ही खरं हाय. जोडायचं कसं ते मला येत न्हाय."

तो वाद तिथंच राहिला. पुन्हा कधीतरी गच्चीवर बसू, तेव्हा पुढचं बोलू, असं मी धरून चालले होते.

तुम्ही गेलात ते चहाचा कप हातात असताना. आईला वाटलं डोळा लागलाय.

दफनाला सुहास आला. मारुतीमामांनी फोन करून कळवलं होतं, आणि तेच त्याला गाडीतून उतरवून घेऊन आले होते. दोन्ही काखेत कुबड्या. तो फाटकाच्या आत, भिंतीला टेकून उभा राहिला, पुढं आला नाही. मी त्याला इतक्या वर्षांनी बघितलं. केस गेलेत, चेहरा सुजल्यासारखा. माणसं आधी त्याच्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. योसेफकाका घाईघाईनं माझ्याजवळ आले, आता तेच कमिटीचे अध्यक्ष आहेत. हळू आवाजात म्हणाले, "तू काळजी करू नको. त्याला जायला सांगतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. एके काळी ह्याच माणसाला मी क्षमा करावी म्हणून ते आपल्या घरी आले होते. आज त्याला हाकलायलाही तेच निघाले होते. दोन्ही वेळा मला विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"राहू दे, काका," मी म्हणाले. "त्याला माती द्यायची असेल तर देऊ दे. फक्त माझ्या बाजूला नको."

सगळ्यांनी माती दिली. सुहास पुढं आला तेव्हा माणसं बाजूला झाली. पण त्याला वाकता येईना. एक कुबडी सोडली तर तोल जात होता. तो तसाच उभा राहिला, ढिगाऱ्याकडे बघत, आणि रडायला लागला. तेव्हा आई पुढं झाली. तिनं खाली वाकून मूठभर माती घेतली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. त्यानं माती टाकली, आईनं हात पदराला पुसला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

खरं सांगते पप्पा, मला दया आली नाही. मला राग आला, की तुमच्यासाठी त्याला रडता येत होतं आणि माझे डोळे कोरडे होते.

नंतरच्या आठवड्यात मारुतीमामा घरी आले. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली होती. आईनं चहा टाकला. मामा म्हणाले, "दादांनी तुला काय सांगितलं नसंल. पण आता ते न्हाईत. तू म्हणालीस तर सांगतो, न्हायतर गप बसतो." तुमच्याबरोबर राहून त्यांनाही विचारायची सवय लागलेली दिसली. मी म्हणाले, पप्पांचं सांगा, त्याचं नको. मामा हसले. "दोन्ही येगळं कसं करू?"

मग त्यांनी सांगितलं; अधूनमधून तेही तुमच्याबरोबर जायचे हे मला तेव्हाच कळलं. पहिल्या दिवशी सुहासनं डबा भिंतीवर फेकला. म्हणाला, "साक्ष द्यायला आलतास, आता भाकरी द्यायला आलास? लाज वाटत न्हाय?" तुम्ही खाली बसून फरशीवरचं पिठलं पुसलंत आणि म्हणालात, "तवाबी खरं बोललो. आत्ताबी तू उपाशी हाईस हे खरंच हाय." आणि पुढच्या गुरुवारी परत गेलात. तो बरेच महिने तोंड उघडायचा ते शिव्या द्यायलाच. भाकरी जाड आहे, आमटीत मीठ नाही, डबा उशिरा आला. तुम्ही त्याच्या पायाची पट्टी बदलायचात आणि तो वर बघत शिव्या द्यायचा. मामा म्हणाले, "मी एकदा म्हणलो, दादा, हा माणूस काय सुधारायचा न्हाय. तर म्हणले, मारुती, सुधारंल म्हणून आणत न्हाय मी. भूक लागती म्हणून आणतोय."

मग मामांनी कप खाली ठेवला. "पुढं एकदा तो रडला," ते म्हणाले. "दादांचा हात धरला, आणि म्हणला, नयनाला एवढं सांगा... दादांनी हात वर केला. म्हणले, तिचं नाव हितं निघायचं न्हाय. तसं ठरलंय."

"मग पप्पांनी काय केलं?"

"दादा भाईर गेल्यावर त्यानं जे सांगायचं ते माझ्याजवळ सांगितलं. मी दादांना म्हणलो, अवो सांगा की पोरीला, तिला बरं वाटंल. तर गाडीत बसल्यावर म्हणले, बरं वाटंल का वाईट, ते आपण कोण ठरवणार? तिनं नको म्हटलंय. ह्याला भाकरी देतोय म्हणून मी तिचं दार फोडणार न्हाय."

मी उठून आत गेले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मी रडले ते तेव्हा. त्या माणसाला मला काहीतरी सांगायचं होतं, बहुधा क्षमाच मागायची होती, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ते पोटात ठेवून माझ्यासमोर जेवत होतात, शाळेत काय झालं विचारत होतात, गच्चीवर पापड उलटत होतात. मंडळीतल्या कुठल्याही माणसानं तो निरोप धावत आणला असता आणि वर सांगितलं असतं की बघ, देवानं कसं जमवून आणलं. मला तुमचा राग आला की तुम्ही सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर त्याहून जास्त आला असता. आणि मग मला तुम्ही गच्चीवर न दिलेलं उत्तर थोडं दिसलं. कुणालाही सोडायचं नाही असं तुम्ही धरलं होतं, आणि त्या कुणालाहीमध्ये मीही होते. त्याला भाकरी मिळत होती, आणि मला माझं नाही म्हणणं मिळत होतं. दोन्ही तुम्ही सारख्याच काळजीनं सांभाळत होतात. जोडायचं कसं ते येत नाही म्हणालात, पण दर गुरुवारी जोडतच होतात.

आता तुम्ही नाही, आणि गुरुवार जवळ आला. मामा म्हणाले होते, "मी एखाद्या येळी जाईन, दर आठवड्याला माझ्याच्यानं व्हायचं न्हाय." आई माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीकडे. मी जाणार नव्हते. आजही जाणार नाही. त्या खोलीचा उंबरा मी ओलांडू शकत नाही, आणि ओलांडायलाच हवा असं तुम्ही कधी म्हटलं नव्हतं.

मी स्कूटर काढली आणि योसेफकाकांच्या दुकानात गेले. शाळांना सुट्टी लागलेली, त्यामुळे दुकानात गर्दी नव्हती. मी म्हणाले, "काका, गुरुवारी गारगोटीला जायचंय. सुहाससाठी डबा घेऊन."

त्यांना वाटलं मी सोबत मागते आहे. "तुझ्याबरोबर येऊ?"

"मी नाही जाणार. तुम्ही जायचं."

ते चष्मा काढून पुसायला लागले. "मी? मी काय बोलणार त्याच्याशी?"

"बोलायचं काही नाही. त्याचं जेवण होईपर्यंत बसायचं आणि परत यायचं. तुम्ही आमच्या घरी आला होतात तेव्हा क्षमेचं बोलला होतात. ते माझं मी बघेन. जेवणाचं तुम्ही बघा."

हे मी आवाज न चढवता बोलले. मला त्यांना टोचायचं नव्हतं, म्हणजे थोडं होतं, पण तेवढ्यासाठी गेले नव्हते. तुमची मंडळी म्हणून मला दुसऱ्या कुणाकडे जाता येत होतं? ते बराच वेळ काउंटरवरच्या पेन्सिली एका दिशेला लावत राहिले. मग म्हणाले, "घरी विचारतो. डबा तिला करावा लागंल."

ते गेले. संध्याकाळी परतताना आपल्या घरी आले, अंगावर प्रवासाची धूळ. आईनं पाणी दिलं. आम्ही काही विचारलं नाही. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "लई किरकिऱ्या माणूस हाय गं. हिनं एवढी चांगली आमटी केलीती, तर म्हणतोय पाणचट झाली. आणि जेवण होईपर्यंत एक शब्द बोलला न्हाय. गप बसायला लई जड जातंय."

आई हसली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून हसली आणि मग डोळे पुसले. "पट्टी बदलली का?" तिनं विचारलं.

"पट्टी?" काका म्हणाले. "पट्टीचं मला कुणी सांगितलंच न्हाय."

"मग पुढच्या येळी बदला," आई म्हणाली. "कशी बदलायची ते मी दाखवते."

काका तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हे काहीतरी कारण सांगणार. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, आणि आईच्या समोर जमिनीवर बसले.

"दाखवा," ते म्हणाले.

सुहासचा निरोप मामांजवळ आहे, पप्पा. तो मी अजून मागितलेला नाही. कधी मागेन का, तेही आज सांगता येत नाही. तुम्ही असतात तर घाई केली नसतीत, एवढं मला माहीत आहे.